आठ आठवडे आणि हजार वर्षं

२०२१ चा डिसेंबर. ऑफिस अजून उघडलं नव्हतं, म्हणून मी लॅपटॉप घेऊन कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी राहत होतो. एका रात्री जेवणं उरकल्यावर आईला मोबाइलवर 'फँटॅस्टिक फंगाय' ही डॉक्युमेंटरी लावून दिली. लुई श्वार्ट्झबर्गची ही २०१९ ची फिल्म त्याच वर्षी नेटफ्लिक्सवर आली होती. एरवी माझ्या इंग्रजी फिल्म्सकडे आई फिरकत नाही, पण हा विषय तिचा होता. दोन वर्षांपूर्वी तिच्या बचत गटानं धिंगरी अळंबी लावली होती.

स्क्रीनवर काळ्या मातीतून अळंब्या भराभर वर येत होत्या. छत्र्या उघडत होत्या, पांढरे तंतू पानापानावरून धावत होते. मागे संगीत, आणि बुरशीच्या वतीनं "आम्ही" म्हणून बोलणारा ब्री लार्सनचा आवाज. आई पाचेक मिनिटं बघत राहिली, मग म्हणाली, "आमच्या पिशव्यांत एवढ्या पटापटा नव्हत्या येत रे."

मी हसून सांगितलं, "आई, हे टाइम-लॅप्स आहे. कित्येक दिवसांचं शूटिंग काही सेकंदांत दाखवतात." ती "बरं" म्हणाली आणि भांडी आवरायला गेली. तिचं ते वाक्य म्हणजे मी ऐकलेली या फिल्मची सगळ्यात नेमकी समीक्षा आहे, हे कळायला मला पुढं बराच वेळ लागला.

त्या आठवड्यात आमच्या शेताच्या खालच्या अंगाचा ओढा चहाच्या रंगाचा झाला होता. गळीत हंगाम सुरू झाला की वर्षातून एकदा-दोनदा असं होतं. पाणी तपकिरी होतं, वर फेस येतो, आंबूस-करपट वास शिवारभर पसरतो आणि दुसऱ्या दिवशी मासे पांढरी पोटं वर करून कडेला लागतात. पेपरात 'मळीमिश्रित पाण्यामुळे मासे मृत' अशी चौकट येते. पाणी कुठून आलं ते गावात सगळ्यांना माहीत असतं आणि बोलत कुणी नाही, कारण ज्याच्याकडं बोट दाखवायचं त्याच्याकडंच आपला ऊस जातो. माझ्या इंजिनिअरिंगची फी त्याच उसाच्या बिलातून भरली गेली. आप्पा तिथले सभासद आहेत.

त्यामुळे विष खाणाऱ्या बुरशीची गोष्ट माझ्यासाठी नुसती विज्ञानाची गंमत नव्हती. कुणाशी भांडायला नको, कुणाचं नाव घ्यायला नको आणि तरी ओढा स्वच्छ होईल, असा तो मार्ग होता. मी ती गोष्ट घट्ट धरली. पुढच्या वर्षी कंपनीच्या हॅकेथॉनमध्ये आम्ही तिघांनी त्यावर एक प्रोजेक्टही मांडला. पाण्यात सेन्सर, मोबाइलवर डॅशबोर्ड आणि मध्ये बुरशीचा फिल्टर. सेन्सर आणि डॅशबोर्डवर आमच्या अकरा स्लाइड्स होत्या. बुरशीवर एकच: डावीकडं तपकिरी पाणी, उजवीकडं नितळ पाणी, मध्ये एक बाण आणि बाणावर 'बुरशी' हा शब्द.

हा लेख त्या बाणाबद्दल आहे. बुरशी आणि प्रदूषण यांवरच्या ज्या गोष्टी आपण बघतो, ऐकतो, फॉरवर्ड करतो, त्या जवळपास सगळ्या या बाणावर उभ्या आहेत. बाणाच्या पोटात काय काय आहे हे दाखवणारी एकच मोठी कलाकृती मला माहीत आहे, आणि ती डॉक्युमेंटरी नाही. ती १९८४ सालची एक जपानी ॲनिमेशन फिल्म आहे.

* * *

आधी बुरशी नेमकं काय करते ते बघू, कारण सगळा घोटाळा 'खाते' या क्रियापदात आहे.

लाकडात मुख्यतः दोन गोष्टी असतात. सेल्युलोज, म्हणजे साखरेच्या रेणूंची लांबच लांब, शिस्तीत रचलेली साखळी. आणि लिग्निन, या साखळ्यांना घट्ट धरून ठेवणारा गुंता. आमच्या भाषेत सांगायचं तर सेल्युलोज म्हणजे नीट स्कीमा असलेला डेटाबेस आणि लिग्निन म्हणजे कुणीतरी कशीही ओतलेली टेक्स्ट फाइल. एका ठरावीक जोडावर बसणारी कुलूप-किल्लीसारखी एन्झाइमं सेल्युलोजवर चालतात. लिग्निनमध्ये एक जोड दुसऱ्यासारखा असेलच असं नाही, त्यामुळे तिथं किल्ली चालत नाही.

'पांढरी कूज' घडवणाऱ्या बुरशांनी यावर वेगळा उपाय शोधला. त्या लॅकेस, लिग्निन पेरॉक्सिडेज, मँगनीज पेरॉक्सिडेज अशी एन्झाइमं शरीराबाहेर सोडतात. आसपासच्या कार्बनच्या कड्यांमधून ही एन्झाइमं इलेक्ट्रॉन ओढून काढतात. इलेक्ट्रॉन गेला की कडी अस्थिर होते आणि स्वतःहून तुटू लागते. समोर नेमका कोणता रेणू आहे याची फारशी चौकशी इथं होत नाही. आणि आपण बनवलेली बरीचशी हट्टी विषं अशाच कड्यांची आहेत. १९८५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या बम्पस, टिएन, राइट आणि ऑस्ट यांचा एक निबंध आला. 'फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम' ही पांढऱ्या कुजीची बुरशी डीडीटी, लिंडेन, डायॉक्सिन अशा टिकाऊ विषांचं विघटन करू शकते, असं त्यांनी दाखवलं. या क्षेत्रातला पुढचा बराच उत्साह त्या निबंधापासून सुरू होतो.

पण ही बुरशी लिग्निनवर जगत नाही. नुसत्या लिग्निनवर तिचं पोट भरत नाही. ती लिग्निन फोडते ते आतल्या सेल्युलोजपर्यंत पोचण्यासाठी. चोर दार फोडतो कारण घरात धान्य आहे. दार तो खात नाही. डीडीटी हा त्या दारासारखाच दिसणारा, वाटेत सापडलेला एक फळकूट. घरात धान्यच नसेल तर चोर तिकडं फिरकणार नाही. म्हणजे विष फोडण्यासाठी बुरशीला दुसरं काहीतरी खायला घालावं लागतं: भुसा, पेंढा, बगॅस. शिवाय या बुरशीची एन्झाइमं बहुतेकदा नायट्रोजनची चणचण असताना सुटतात. १९८५ च्या प्रयोगातली बुरशी तशा उपासमारीतच वाढवलेली होती. आपल्या ओढ्यांत, सांडपाण्यात, खतं वाहून आलेल्या पाण्यात नायट्रोजनची टंचाई क्वचितच असते.

'बुरशी विष खाते' असं म्हटलं की तिला भूक लागली आहे आणि आपण नुसतं वाढून ठेवायचं, असं चित्र उभं राहतं. 'बुरशीला सांभाळलं, तिला हवं ते खायला घातलं, तर जाता जाता ती काही विषं फोडते' हे वाक्य लांब आहे, स्लाइडवर मावत नाही. पण खरं ते आहे.

* * *

आता बाणाची सगळ्यात प्रसिद्ध आवृत्ती बघू. २००८ मध्ये पॉल स्टॅमेट्स या अमेरिकन अळंबीतज्ज्ञानं मशरूम जगाला कशा सहा प्रकारे वाचवू शकतात यावर टेड टॉक दिला. तुमच्यापैकी अनेकांनी तो बघितला असेल. त्यात डिझेलनं आणि पेट्रोलियमच्या इतर कचऱ्यानं भिजलेल्या मातीच्या चार ढिगांची गोष्ट आहे. एका ढिगाला काहीच केलं नाही, एकावर एन्झाइमं, एकावर बॅक्टेरिया आणि एकात धिंगरीची बुरशी. काही आठवड्यांनी ताडपत्री काढली तर तीन ढीग काळे, मेलेले, घाण वास येणारे. चौथ्यावर शेकडो पौंड धिंगरी. मग त्यावर माश्या आल्या, अळ्या झाल्या, अळ्या खायला पक्षी आले, पक्ष्यांनी बिया आणल्या आणि ढीग हिरवा झाला. आठ आठवड्यांत विषारी कड्यांचं प्रमाण दहा लाख भागांत १०,००० वरून २०० च्या खाली आलं, असं तो सांगतो.

गोष्ट म्हणून हे फार सुंदर बांधलेलं आहे. तीन भावंडं हरतात आणि धाकटं जिंकतं, ही आपल्या आजीच्या गोष्टींचीच रचना. शेवटी पक्षी येतात. मी हा टॉक पहिल्यांदा बघितला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं, हे कबूल करतो. स्टॅमेट्सचा हेतू खोटा आहे असंही मला म्हणायचं नाही. प्रयोगात कंट्रोल ढीग ठेवला होता, ही जमेची बाजू आहे.

पण पुन्हा बघा आणि काय सांगितलेलं नाही त्याची यादी करा. ढिगात किती बुरशी मिसळली, ती कशावर वाढवलेली होती, ते सगळं तयार करायला किती दिवस आणि किती माणसं लागली? त्या शेकडो पौंड अळंब्यांचं पुढं काय केलं? डिझेल कुणाचं होतं? गोष्टीत माणूस दोनदाच येतो: ताडपत्री घालायला आणि काढायला. मधले आठवडे बुरशी एकटी राबते.

'फँटॅस्टिक फंगाय'मध्ये हीच गोष्ट फिल्मचं तंत्र होऊन येते. श्वार्ट्झबर्ग टाइम-लॅप्सचा उस्ताद आहे. वर्षानुवर्षं कॅमेरे लावून त्यानं हे काम केलं आहे आणि काही दृश्यं खरोखर श्वास रोखायला लावतात. पण टाइम-लॅप्स एक ठरावीक गोष्ट कापतो, ती म्हणजे वाट बघणं. आणि बुरशीच्या बाबतीत वाट बघणं हेच मुख्य काम आहे. आईच्या गटानं भाताचं पिंजर रात्रभर भिजत घातलं, गरम पाण्यातून काढलं, निथळलं, थरावर थर देत स्पॉन पेरलं, पिशव्या बांधून अंधाऱ्या खोलीत टांगल्या. पुढं पंधरा-वीस दिवस रोज कुणीतरी आत जाऊन बघायचं. पहिल्या खेपेला पिंजराला पुरती उष्णता लागली नव्हती. निम्म्या पिशव्यांत हिरवी बुरशी शिरली आणि धिंगरीला जागाच उरली नाही. त्या पिशव्या लांब नेऊन पुरल्या. "एवढ्या पटापटा नव्हत्या येत" या वाक्यात ते वीस दिवस होते.

आणि विचार करा, हे बंद खोलीत, उकळून घेतलेल्या पिंजरावर. ओढ्याचं पाणी कोण उकळणार? तिथं हजार प्रकारचे जीव आधीच घर करून बसलेले आहेत. सॉफ्टवेअरवाले कायम म्हणतात, "माझ्या मशीनवर तर चालतंय." प्रयोगशाळेतली काचेची बशी हे बुरशीचं 'माझं मशीन' आहे.

* * *

समजा, हे सगळं जमलं. विषाचं प्रमाण खरंच घटलं. तरी एक प्रश्न उरतो: जे घटलं ते गेलं कुठं?

१९९० मध्ये लामार आणि डायट्रिक या अमेरिकन संशोधकांनी एका उघड्यावरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. माती पेंटाक्लोरोफेनॉलनं दूषित होती. हे रसायन लाकडाला बुरशी लागू नये म्हणून वापरलं जायचं, म्हणजे बुरशी मारण्यासाठी बनवलेलं विष साफ करायला बुरशीलाच बोलावलं होतं. मातीत सेंद्रिय द्रव्य फार कमी होतं, म्हणून बुरशीला खायला पीट घालावं लागलं. साडेसहा आठवड्यांत रसायन ८८ ते ९१ टक्क्यांनी घटलं.

टॉक असता तर इथं टाळ्या पडल्या असत्या. पण त्या दोघांनी पुढचा हिशोबही मांडला आहे. घटलेल्यापैकी ८ ते १३ टक्के पेंटाक्लोरोॲनिसोल या दुसऱ्या क्लोरिनयुक्त रसायनात बदललं होतं. आणि पूर्ण विघटन होऊन किंवा हवेत उडून फारसं काही गेलेलं नव्हतं. त्यांच्या निष्कर्षानुसार बहुतेक भाग मातीच्या कणांना इतका घट्ट चिकटला की तो मातीतून काढून मोजताच येईना. हे वाईटच आहे असं नाही, घट्ट चिकटलेलं विष पाण्यात सहज उतरत नाही. पण 'नाहीसं झालं' आणि 'मोजता येईनासं झालं' यांत फरक आहे. त्या छोट्याशा निबंधाला हा फरक लपवावासा वाटला नाही. कथनाच्या दृष्टीनं तो अगदी कोरडा आहे, आणि तरी मला तो स्टॅमेट्सच्या ढिगापेक्षा जास्त विश्वासू निवेदक वाटतो.

मर्लिन शेल्ड्रेकचं 'एन्टँगल्ड लाइफ' (२०२०) या दोन टोकांच्या मध्ये उभं आहे. सिगारेटची थोटकं पचवायला शिकवलेल्या धिंगरीची गोष्ट तो रंगवून सांगतो, पण बशीत जमलेलं बाहेरच्या गजबजाटात जमेलच असं नाही, हेही तो बजावतो. पुस्तक आलं तेव्हा त्यानं त्याच्याच एका प्रतीवर धिंगरी वाढवून ती खाल्ली. व्हिडिओ गमतीचा आहे आणि तिथं 'खाते' हे क्रियापद अगदी बरोबर आहे. कागद म्हणजे सेल्युलोज, आणि ते बुरशीचं जेवणच.

* * *

आता ओढ्याकडं परत येतो, कारण आमच्या तपकिरी पाण्यावर खरोखर काम झालेलं आहे, आणि ते जवळच, गोव्यात.

तपकिरी रंग येतो कुठून? साखर काढून उरलेल्या मळीत यीस्ट घालून अल्कोहोल करतात. यीस्ट ही बुरशीच. म्हणजे गोष्टीची सुरुवातही एका बुरशीपासूनच होते, आणि इथं ती खरोखर खाते. अल्कोहोल उकळून काढल्यावर जे उरतं त्याला स्पेंट वॉश म्हणतात. एक लिटर अल्कोहोलमागे साधारण ८ ते १५ लिटर. त्यातला माल कुजायला किती ऑक्सिजन लागेल याचं माप म्हणजे सीओडी. घरगुती सांडपाण्यात तो लिटरला काहीशे मिलिग्रॅम असतो, कच्च्या स्पेंट वॉशमध्ये लाखाच्या आसपास जातो. ते पाण्यात मिसळलं की ओढ्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे गुदमरतात. रंग असतो मेलॅनॉइडिनचा. तापलेल्या साखरा आणि अमिनो आम्लं एकत्र आली की तो बनतो, भाकरीवरच्या तपकिरी डागांसारखाच. बॅक्टेरिया वापरून बायोगॅस काढून घेतला तरी हा रंग बराचसा तसाच राहतो.

गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत चंद्रलता रघुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समुद्री गवताच्या कुजणाऱ्या पानांवर 'फ्लेव्होडॉन फ्लेव्हस' नावाची पांढऱ्या कुजीची बुरशी शोधली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामानुसार या बुरशीनं स्पेंट वॉशचा रंग आठ दिवसांत सुमारे ८० टक्के घालवला. खाऱ्या पाण्यातही तिचं काम चालतं, बगॅसवरही ती वाढते. हे वाचून मी रात्रभर झोपलो नव्हतो. आमचाच रंग, आमचंच चिपाड!

पण त्याच निबंधात बाणाखालची यादीही आहे. हे आकडे १० टक्के आणि ५० टक्के स्पेंट वॉश असलेल्या माध्यमातले आहेत, म्हणजे पातळ करून. निम्मं पातळ करायचं म्हटलं तरी प्रत्येक लिटरला आणखी एक लिटर पाणी आलं. मग बुरशीला खाद्य, हवा खेळती ठेवायला यंत्रणा, वाढलेला बुरशीचा लगदा रोज काढून टाकायला जागा. रंग गेला म्हणजे सगळा सीओडी गेला असंही नाही. ही बुरशीची बदनामी नाही. संशोधकांनी जे केलं ते मोलाचं आहे आणि त्यांनी कुठंही जादूचा दावा केलेला नाही. जादू नंतर येते, जेव्हा माझ्यासारखा कुणीतरी त्यावर एक बाण काढतो.

* * *

आणि आता ती जपानी फिल्म. हायाओ मियाझाकीची 'नाउसिका ऑफ द व्हॅली ऑफ द विंड', १९८४. स्टुडिओ घिबली निघायच्या वर्षभर आधीची. पुढच्या भागात शेवट फुटणार आहे. बघितली नसेल तर आधी बघा, मग या.

सात दिवसांच्या एका अग्नियुद्धात औद्योगिक संस्कृती संपून हजार वर्षं झालेली आहेत. पृथ्वीवर 'फुकाई' पसरलं आहे, म्हणजे बुरशीचं विषारी अरण्य. मास्कशिवाय पाच मिनिटं आत राहिलात तर फुप्फुसं सडतात. नाउसिका नावाची राजकन्या किल्ल्याच्या तळघरात गुपचूप या अरण्याची रोपं वाढवते. खोल विहिरीतलं स्वच्छ पाणी आणि स्वच्छ माती दिली तर ती विष सोडत नाहीत, असं तिला दिसतं. दोष रोपांत नाही, मातीत आहे. पुढं ती अरण्याच्या पोटात वाळूतून खाली पडते आणि तिथं हवा शुद्ध, पाणी नितळ. अरण्य मातीतलं विष शोषून घेतं, झाडं त्याचे स्फटिक बनवून मरतात आणि त्यांची वाळू होते. तो बाण इथंही आहे. फरक असा की मियाझाकी आपल्याला त्या बाणाच्या आत राहायला लावतो.

एक तर वेळ. आठ आठवडे नाहीत, हजार वर्षं झाली आणि अजून संपलेलं नाही. दुसरं म्हणजे या मधल्या काळात जगणारी माणसं. दरीतले लोक समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याच्या भरवशावर टिकून आहेत. एक जरी बीजाणू राहिला तरी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली झाडं त्यांना स्वतःच्या हातानं जाळावी लागतात. म्हाताऱ्यांचे हात त्या विषानं दगडासारखे ताठर होत चालले आहेत, आणि एक म्हातारा सांगतो की आमच्या राजकन्येला हे राबलेले हात सुंदर वाटतात. निसर्ग साफ करतोय हे खरं असलं, तरी साफ होईपर्यंत कुणाची फुप्फुसं आणि कुणाचे हात जाणार, हे फिल्म क्षणभर विसरत नाही.

मियाझाकीनं या कल्पनेचा उगम सांगताना मिनामाताच्या उपसागराचा उल्लेख केला आहे. तिथं चिस्सो कंपनीचा कारखाना पाऱ्याचं सेंद्रिय संयुग समुद्रात सोडत होता. १९५६ मध्ये आजाराची अधिकृत नोंद झाली आणि तरी विसर्ग १९६८ पर्यंत चालू राहिला. मासेमारी थांबल्यावर त्या पाण्यात मासे पुन्हा वाढले, याचा त्याच्यावर परिणाम झाला होता. पण पारा हे मूलद्रव्य आहे. कोणतंही एन्झाइम त्याचे आणखी तुकडे करू शकत नाही. बुरशी फार तर त्याचं रूप बदलेल किंवा तो स्वतःत साठवेल, आणि मग ती बुरशी हाच विषारी कचरा. प्रत्यक्ष मिनामातात दूषित गाळ उपसून ५८ हेक्टर भराव घालावा लागला, ते काम १९९० मध्ये संपलं आणि उपसागराच्या तोंडावरची जाळी १९९७ मध्ये निघाली. फिल्ममधली झाडं विषाचे स्फटिक करून मरतात ही कल्पना मला म्हणून प्रामाणिक वाटते. विष तिथं गायब होत नाही. ते कुणाच्या तरी शरीरात बंद होतं, आणि ते शरीर मरतं.

फिल्मचा शेवट मात्र आशेचा आहे. अगदी शेवटी अरण्याखालच्या वाळूत नाउसिकाची टोपी पडलेली दिसते आणि शेजारी एक कोवळा हिरवा कोंब. मियाझाकीचं स्वतःचं यावर समाधान झालं नसावं, कारण तो हीच कथा मांगा म्हणून १९९४ पर्यंत लिहीत राहिला, सात खंड. आणि तिथं त्यानं बाणच उलटा केला. अरण्य निसर्गाचं नव्हतंच. जग नासवणाऱ्या जुन्या माणसांनीच ते सफाईसाठी बनवलं होतं. आणि आत्ताच्या माणसांची शरीरंही विष सोसतील अशी बदललेली होती. शुद्ध हवेत ती जगू शकणार नाहीत. सफाई चालू आहे, पण साफ झालेलं जग या लोकांसाठी नाही. नाउसिका ती योजना उद्ध्वस्त करते.

मला हे आधी निव्वळ क्रूर वाटलं होतं. आता वाटतं, बुरशीच्या प्रत्येक आशादायी गोष्टीला विचारायचा प्रश्न त्यानं तिथं ठेवला आहे: ही सफाई कुणी ठरवली, आणि ठरवताना मधल्या लोकांना कशात धरलं?

* * *

हॅकेथॉन झाल्यावर सुट्टीत घरी गेलो तेव्हा आप्पांना आमचा प्रोजेक्ट दाखवला. त्यांनी बारा स्लाइड्स शांतपणे बघितल्या. मग म्हणाले, "पानी सोडत्यात रात्री. पावसाच्या रात्री. तुझी बुरशी काय रातपाळीला यायची हाय?"

मी सेन्सरबद्दल सांगू लागलो. ते म्हणाले, "सोडत्यात हे म्हायती न्हाई असं कुनाला वाटतंय? त्याला सेन्सर कशाला?"

मग थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, "बंद पडून बी चालायचं न्हाई रं. ऊस कुठं घालायचा?"

आप्पांनी 'नाउसिका' बघितलेली नाही, पण बाणाच्या आत ते आयुष्यभर राहिले आहेत. स्पेंट वॉश बाहेर पडू न देण्याचे मार्ग आज उपलब्ध आहेत: आधी बायोगॅस, मग आटवून बॉयलरमध्ये जाळणं, किंवा प्रेसमडमध्ये मुरवून कंपोस्ट. डिस्टिलऱ्यांनी थेंबही बाहेर सोडायचा नाही, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा आग्रह आहे. या यंत्रणांना पैसा, इंधन आणि देखरेख लागते. म्हणजे आमच्या ओढ्याला बुरशीची कमतरता नाही. ज्या रात्री व्हॉल्व्ह उघडला जातो त्या रात्री तो उघडू नये, एवढीच कमतरता आहे. माझ्या गोष्टीनं हा प्रश्न जीवशास्त्राचा करून टाकला होता, कारण तसं केलं की मला कुणाला काही विचारावं लागत नव्हतं. त्या दिवशी आप्पांनाही विचारलं नाही, की सभासद म्हणून वार्षिक सभेत तुम्ही कधी उभे राहिलात का.

यावर्षी विचारलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "तू ये. तू बोल. माझ्या नावावर लेखी प्रश्न देता येतोय का बघतो."

बुरशीवर माझा राग नाही. जुन्या, बंद पडलेल्या जागांवरची माती, कापडाच्या रंगांचं पाणी, पातळ केलेला स्पेंट वॉश, अशा ठिकाणी ती उद्या खरंच कामाला येईल, आणि गोव्यातल्या त्या कामाला आणखी पैसा मिळायला हवा. पण पुढची 'विष खाणारी बुरशी' तुमच्या फीडवर येईल तेव्हा शेअर करण्याआधी एवढं शोधा: तिला काय खायला घातलं, किती दिवस, उरलेलं कुठं गेलं आणि ते विष कुणाचं होतं. चारांपैकी एकाचंही उत्तर त्यात नसेल, तर तो आमचाच स्लाइड आहे.

आईच्या गटानं या थंडीत पुन्हा पिशव्या टांगल्या आहेत. यावेळी पिंजर नीट उकळून घेतलं. परवा व्हिडिओ कॉलवर तिनं एक पिशवी दाखवली, अजून नुसतीच पांढरी. मी विचारलं, कधी येतील? ती म्हणाली, "येतील तेव्हा येतील. रोज बघावं लागतंय."